अडीच हजारांचा टी-शर्ट: पैसे जातात कुठे?

(खातेदार मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँड म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना वरातीपुढचा बँड आठवतो आणि उरलेल्यांना गिटार-ड्रम घेऊन गाणारी तरुण मुलं. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या बँडबद्दल, म्हणजे त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल. टी-शर्ट, टोपी, मग, पोस्टर, पिशवी. तरुण मंडळी याला ‘मर्च’ म्हणतात. ‘बचत आणि खर्च’ या आपल्या मालिकेत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. कारण सरळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम नवी मुंबईत आणि अहमदाबादला झाले. अहमदाबादच्या मैदानात एका वेळी लाखाहून जास्त माणसं बसतात. दिलजीत दोसांझचा दौरा तर त्याच्या आधी कितीतरी शहरांत फिरला. असे कार्यक्रम आता इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरूच्या घरांत पोचले आहेत. तिकिटाचे पैसे आईवडील कसेबसे मान्य करतात. मग मुलगी म्हणते, “आई, एक टी-शर्ट पण घेऊ ना.” भाव विचारला तर अडीच हजार. आणि घरात वाद सुरू होतो.

तो वाद मिटवायला मी आलेलो नाही. पण वाद घालायचाच तर हिशेब समजून घालावा, एवढंच म्हणणं आहे.

आधी मंडळाचा टी-शर्ट

गणपतीत आपण महाराष्ट्र मंडळासाठी किंवा ढोल-ताशा पथकासाठी टी-शर्ट छापून घेतो. समजा शंभर नग घेतले आणि एक टी-शर्ट २२० रुपयांना पडला. मग बँडचा अडीच हजारांना का? कापड तेच, बाह्या दोनच, छपाईही दिसायला तशीच. प्रश्न अगदी रास्त आहे.

पण मंडळाचा टी-शर्ट स्वस्त का पडतो ते नीट बघा. आपण आधी नावं आणि साइज लिहून घेतो. पैसे बहुधा आगाऊ जमा करतो. त्यामुळे जेवढे छापतो तेवढे संपतात, एकही उरत नाही. नाव आपलं, चिन्ह आपलं, त्यासाठी कुणाला काही द्यावं लागत नाही. वाटपही मंडळाच्या कार्यालयात कार्यकर्ते करतात, त्यांना पगार नाही. दुकानाचं भाडं नाही, स्टॉल नाही, नफा तर नाहीच. म्हणजे २२० रुपयांत आपण फक्त कापड, शिलाई आणि छपाई यांचे पैसे देतो. बँडच्या टी-शर्टात या तिन्ही गोष्टी असतात आणि त्यावर आणखी सहा-सात माणसांचे वाटे असतात. ते एकेक करून पाहू.

कापड आणि छपाई

आपल्या देशातला होजिअरीचा मोठा धंदा तमिळनाडूतल्या तिरुपूरला चालतो. सुतापासून विणाई, रंगाई, कटाई, शिलाई, छपाई, सगळं एका शहरात. तिथला माल युरोप-अमेरिकेत जातो. परदेशी बँडचा टी-शर्ट तिरुपूरला शिवून तिकडे जाऊन परत आपल्याकडे येणं अशक्य नाही. तसा तो आला तर जाण्या-येण्याचं भाडं, आयात शुल्क, त्यावरचा अधिभार आणि वर जीएसटी, हे सगळं किमतीत चढतं.

कापडाचा जाडपणा जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १४० ते १६० जीएसएमचं कापड हलकं, १८० चांगलं, २२०-२४० भरदार. कापडाचा भाव वजनावर असतो, म्हणून जाड टी-शर्ट महाग पडतो. ‘टी-शर्ट तो टी-शर्ट’ असं म्हणण्याआधी हा आकडा विचारावा.

छपाईचं गणित वेगळं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते. ती बनवण्याचा खर्च एकदाच येतो, मग त्यावर दहा टी-शर्ट छापा किंवा हजार. एका चौकटीला, समजा, ५०० रुपये लागले आणि चित्रात पाच रंग असले, तर २,५०० रुपये चौकटींचे झाले. दहाच नग छापले तर नगामागे २५० रुपये चढतील. हजार छापले तर अडीच रुपये. म्हणून मोठ्या बँडला टी-शर्ट बनवून घेणं स्वस्त पडतं आणि गल्लीतल्या नव्या बँडला महाग. हे ऐकून नवल वाटेल, पण मोठ्या बँडच्या अडीच हजारांतला कापड-छपाईचा भाग पाचवा-सहावा हिस्सासुद्धा असेलच असं नाही.

नावाची किंमत

मग बाकीचे पैसे कुठे जातात? पहिला वाटा नावाचा. बँडचं नाव आणि चिन्ह ही त्यांची मालमत्ता असते. ते वापरायची परवानगी घ्यावी लागते आणि त्याबद्दल प्रत्येक नगामागे ठरलेली टक्केवारी द्यावी लागते. हिला रॉयल्टी म्हणतात. शेतजमीन खंडाने देतात तसाच हा प्रकार समजा. मालक एक, कसणारा दुसरा, आणि खंड किती हे कराराच्या कागदावर ठरतं.

तो कागद नीट वाचला नाही तर काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण बीटल्स या बँडचं आहे. १९६३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्यांची प्रचंड हवा होती. त्यांच्या नावाच्या वस्तू विकायचे हक्क निकी बर्न नावाच्या गृहस्थाला द्यायचे ठरले. त्याच्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव सेल्टॅब, म्हणजे इंग्रजी ‘बीटल्स’ची अक्षरं उलटी. करारात वाटणी अशी पडली: परवान्यांतून जे उत्पन्न येईल त्यातले ९० टक्के सेल्टॅबच्या बाजूला आणि १० टक्के बीटल्सच्या बाजूला. बँडच्या वतीने वकिलाने ते मान्य केलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि विग, बाहुल्या, बिल्ले, टी-शर्ट, जे म्हणाल ते विकलं जाऊ लागलं. तेव्हा बँडच्या लोकांना कळलं की ज्यांच्या नावावर हा बाजार भरला आहे त्यांच्या हाती रुपयातले दहा पैसे येणार. पुढे करार बदलून बँडचा वाटा जवळपास निम्म्यावर नेण्यात आला. पण तोवर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या होत्या. कोणाचा परवाना खरा हेच कळेना, म्हणून मोठ्या दुकानांनी मागण्या रद्द केल्या. हातात आलेला हंगाम गेला.

दुसरं उदाहरण रोलिंग स्टोन्स या बँडचं. लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ, हे चिन्ह तुम्ही रस्त्यावरच्या टी-शर्टवरही पाहिलं असेल. १९७० मध्ये जॉन पाश या लंडनमधल्या कला-विद्यार्थ्याने ते काढलं आणि त्याला त्याबद्दल ५० पौंड मिळाले. २००८ मध्ये त्या मूळ चित्राला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने सुमारे ९२,५०० डॉलर मोजले. चित्र काढायला लागणारा वेळ, रंग आणि कागद यांची किंमत काही हजार पटींनी वाढली नव्हती. वाढली होती ती त्या चिन्हाची ओळख. आपण अडीच हजार देतो त्यातला बराच भाग या ओळखीचा असतो.

स्टॉलचा वाटा

दुसरा मोठा वाटा जागेचा. कार्यक्रमाच्या ठिकाणी जो स्टॉल लागतो, तिथल्या विक्रीवर सभागृह किंवा मैदान चालवणारे टक्केवारी घेतात. इंग्लंड-अमेरिकेत ही टक्केवारी विक्रीच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत जाते. लक्षात घ्या, ही टक्केवारी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. बँडला नफा झाला नाही तरी जागेचा वाटा द्यावाच लागतो. यावरून कलाकारांत मोठी नाराजी आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या फीचर्ड आर्टिस्ट्स कोॲलिशन या कलाकारांच्या संघटनेने असा वाटा न घेणाऱ्या सभागृहांची यादीच जाहीर केली. सप्टेंबर २०२३ मध्ये लाइव्ह नेशन या बड्या कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या लहान, क्लबच्या आकाराच्या सभागृहांत हा वाटा घेणं थांबवत असल्याचं सांगितलं. मोठ्या मैदानांचा मात्र त्यात समावेश नव्हता.

आपल्या जत्रेतही हेच चालतं. स्टॉलच्या जागेचा लिलाव होतो. ज्याने जागेला जास्त पैसे मोजले, तो पाळण्याचं तिकीट आणि भजीची प्लेट महाग ठेवतो. माल तोच, जागा महाग.

अडीच हजारांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक कार्यक्रमात ते वेगळे असतील, पण वाटे हेच राहतात.

टी-शर्टची छापील किंमत: २,५०० रुपये
त्यातला जीएसटी, ५ टक्के दराने: ११९ रुपये. उरले २,३८१
जागेचा वाटा, २५ टक्के: ५९५ रुपये. उरले १,७८६
कापड, शिलाई, छपाई, पॅकिंग: ४०० रुपये. उरले १,३८६
वाहतूक, गोदाम, स्टॉलवरची माणसं, कार्ड मशीनचा खर्च: ३०० रुपये. उरले १,०८६
न खपलेल्या मालाची भरपाई: १५० रुपये. उरले ९३६
हा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीचा वाटा, ३० टक्के: २८१ रुपये. उरले ६५५
बँडच्या व्यवस्थापकाचा वाटा, २० टक्के: १३१ रुपये. उरले ५२४
बँडमध्ये चौघे असतील तर प्रत्येकी: १३१ रुपये

त्यावर प्राप्तिकर वेगळा. आपली समजूत असते की अडीच हजार गाणाऱ्याच्या खिशात गेले. या हिशेबात गाणाऱ्याच्या हाती शेवटी १३१ रुपये आले. व्यवस्थापकालाही नेमके तितकेच.

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबू.

पहिली जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापेक्षा महाग कपड्यावर १८ टक्के दर आहे. ही मर्यादा कर धरण्याआधीच्या किमतीवर मोजतात. म्हणजे कर धरून २,६२५ रुपयांच्या कपड्यात कर १२५ रुपये. छापील किंमत २,९९९ झाली की करापूर्वीची किंमत अडीच हजारांच्या वर जाते आणि करच सुमारे ४५७ रुपये होतो. आपण ३७४ रुपये जास्त दिले, पण त्यातले ३३२ रुपये नुसत्या कराचे. हुडी किंवा जाकीट घेताना ही पायरी ध्यानात ठेवावी.

दुसरी ओळ न खपलेल्या मालाची. कार्यक्रम एका रात्रीचा. कोणत्या साइजचे किती जातील हे आधी नक्की सांगता येत नाही. मधले साइज पटकन संपतात आणि अगदी लहान, अगदी मोठे उरतात. टी-शर्टच्या पाठीवर शहराचं नाव आणि तारीख छापलेली असेल तर तो पुढच्या गावी विकताही येत नाही. उरलेल्या मालाचे पैसे विकल्या गेलेल्या मालातून काढावे लागतात. म्हणजे आपण आपल्या टी-शर्टबरोबर गोदामात पडलेल्या एका टी-शर्टचा थोडा भागही विकत घेत असतो.

गाणी जवळपास फुकट, टी-शर्ट महाग

पूर्वी माणूस कॅसेट किंवा सीडी विकत घ्यायचा. आता मोबाइलवर गाणं ऐकतो आणि एकदा ऐकण्यामागे कलाकाराच्या बाजूला रुपयाचा अगदी लहान अंश जातो. तोही गीतकार, संगीतकार, कंपनी यांच्यात वाटला जातो. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१० मध्ये आपल्या नव्या संग्रहातली गाणी एकेक करून इंटरनेटवर मोफतच देऊन टाकली. गाण्याच्या विक्रीतून फारसं हाती लागणार नसेल, तर बँडला जगवतात ते कार्यक्रम आणि कार्यक्रमात विकल्या जाणाऱ्या वस्तू. लहान बँडला तर गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च कधीकधी स्टॉलवरच्या विक्रीतूनच निघतो. म्हणून टी-शर्टच्या किमतीत न घेतलेल्या सीडीची किंमतही लपलेली असते.

तरीही भाव एवढाच का?

एवढे सगळे वाटे सांगितले म्हणून अडीच हजार हाच योग्य भाव, असं मात्र समजू नका. खर्चाने किमतीची खालची मर्यादा ठरते. वरची मर्यादा ठरवतो तो घेणारा. त्या रात्री, त्या मैदानात, त्या नावाचा अधिकृत टी-शर्ट विकणारा दुकानदार एकच असतो. घेणारा आनंदात असतो, मित्र सोबत असतात, उद्या हा स्टॉल नसणार हे त्याला माहीत असतं. अशा वेळी भाव करायची सोय नसते आणि विचार करायला वेळही नसतो.

याच्या अगदी उलट वागणारा एक बँड होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचा फुगाझी. या मंडळींनी तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि आपल्या नावाचे टी-शर्ट विकायला साफ नकार दिला. मग काय झालं? लोकांना टी-शर्ट हवेच होते, तेव्हा दुसऱ्यांनीच ते छापून विकले. मागणी असली की माल कुठून तरी येतो. फरक इतकाच की पैसे कोणाकडे जातात ते बदलतं.

घेणाऱ्याने काय पाहावं

आता आपल्या खिशाकडे येऊ.

किंमत दिवसांत मोजा. महिन्याला १५,००० रुपये कमावणारा माणूस २६ दिवस काम करत असेल, तर त्याची एका दिवसाची कमाई साधारण ५७७ रुपये. अडीच हजार म्हणजे सव्वाचार दिवसांची मेहनत. ‘हा टी-शर्ट मला सव्वाचार दिवसांच्या कामाइतका हवा आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्यावा. आनंदावर खर्च करणं हा गुन्हा नाही. पण उत्तर घरून निघण्याआधी द्यावं, स्टॉलपुढे नाही.

उधारीवर घेऊ नका. ‘आता घ्या, नंतर द्या’ अशी सोय मोबाइलवर एका टिचकीत मिळते. तेही कर्जच असतं. त्यात एकूण वार्षिक खर्च किती टक्के पडतो, हप्ता चुकला तर दंड किती, हे सांगणारं मुख्य तथ्य विवरणपत्र कर्ज देणाऱ्याने द्यायलाच हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागा आणि वाचा. क्रेडिट कार्डावर थकबाकीला महिना साडेतीन टक्के व्याज लागलं, तर अडीच हजारांवर वर्षाचं साधं व्याजच १,०५० रुपये होतं. उशिराचा दंड आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. टी-शर्टचा रंग उडेल, व्याज उडणार नाही.

आधी साठवा. आवडता बँड वर्षभराने येणार असं कळलं, तर आवर्ती ठेव उघडा. महिना २५० रुपयांप्रमाणे वर्षाचे ३,००० होतात आणि साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर शंभरेक रुपये मिळतात. घरातल्या मुलांना खर्च शिकवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्यांच्या आवडीचीच वस्तू, त्यांनीच साठवलेले पैसे.

लेबल पाहा. तयार कपड्यावर एमआरपी, साइज, बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. तिच्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. बिल मागा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मनगटी पट्ट्यात बेताने पैसे भरा. काही महोत्सवांत रोख चालत नाही. मनगटावर पट्टा बांधतात आणि त्यात पैसे भरून घेतात. उरलेले पैसे किती दिवसांत आणि कसे परत मिळतील हे भरतानाच विचारा. शंभर-दोनशे रुपये कोण मागत बसणार, या आपल्या आळसावर दुसऱ्याचं पोट भरू देऊ नका.

स्वस्त संकेतस्थळांपासून जपा. कार्यक्रम जवळ आला की ‘अधिकृत टी-शर्ट ६० टक्के सवलतीत’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आगाऊ पैसे भरायचे आणि माल कधीच यायचा नाही. वर ‘पैसे परत पाठवतो, यूपीआय पिन टाका’ असा फोन येतो. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करवा: पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर तासाभरातसुद्धा वाट पाहू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. ‘हा टी-शर्ट पुढे लाखाला जाईल’ असं मुलं सांगतात. ग्रेटफुल डेड या बँडचा १९६७ सालचा एक टी-शर्ट २०२१ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत १७,६४० डॉलरला गेला, हे खरं. पण त्या एका टी-शर्टमागे पोतेरी झालेले हजारो टी-शर्ट कुणी मोजत नाही. ठेव मोडायची तर बँकेत जाता येतं. टी-शर्ट मोडायचा तर आधी घेणारा शोधावा लागतो.

छापणाऱ्याने काय पाहावं

आपल्या खातेदारांत छपाईचे छोटे व्यावसायिक आहेत, शिवणकाम करणारे बचत गट आहेत, आणि ज्यांची मुलं स्वतःच बँड चालवतात असेही पालक आहेत. त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं.

समजा पाच मुलांच्या बँडने १०० टी-शर्ट छापायचे ठरवले. नगाला ३०० रुपयांप्रमाणे ३०,००० आणि चित्र काढणाऱ्याचे ५,०००, मिळून ३५,००० रुपये. विक्रीची किंमत ७०० रुपये, त्यातले २० टक्के, म्हणजे १४० रुपये, कार्यक्रमाच्या जागेला. हाती ५६० रुपये. ३५,००० भागिले ५६० म्हणजे साडेबासष्ट. म्हणजे ६३ टी-शर्ट विकले जाईपर्यंत एक पैसाही सुटत नाही. सगळे शंभर गेले तर २१,००० रुपये सुटतील. पन्नासच गेले तर ७,००० रुपयांचा खड्डा आणि कपाटात पन्नास टी-शर्ट.

आता हेच पैसे वर्षाला २४ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले आणि वर्षाअखेर फेडले, तर ८,४०० रुपये व्याज वाढलं. मग बरोबरीला यायला ७८ टी-शर्ट विकावे लागतील. पंधरा टी-शर्ट नुसते व्याजासाठी!

दुसरा रस्ता गणपती मंडळाचा. आधी नावं, साइज आणि पैसे घ्या. समजा ६०० रुपयांप्रमाणे ७० जणांनी आगाऊ पैसे भरले, तर ४२,००० जमा झाले. नग कमी म्हणून एकाला ३३० रुपये पडले, तरी २३,१०० आणि चित्राचे ५,०००, असा २८,१०० खर्च. शिल्लक १३,९०० रुपये. सगळा माल विकला गेला असता तर मिळाले असते त्यापेक्षा कमी, हे कबूल. पण कर्ज नाही, व्याज नाही, कपाटात माल नाही. घेणारालाही टी-शर्ट शंभर रुपये स्वस्त पडला. लहान भांडवलाच्या माणसाने पहिल्या खेपेला हाच रस्ता धरावा.

छपाईवाल्यांना एक सावधगिरीची सूचना. कुणी येऊन प्रसिद्ध बँडचं चिन्ह देऊन ‘दोनशे नग काढून द्या, बाहेर फाटकावर विकायचे आहेत’ असं म्हटलं तर परवानगीचा कागद मागा. नोंदणी झालेलं चिन्ह परवानगीशिवाय मालावर छापणं आणि विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे. त्याला साधारणपणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नगामागे वीस-तीस रुपये सुटावेत म्हणून आपलं मशीन आणि आपलं नाव पणाला लावू नका.

आणि तुमच्या मुलीने किंवा मुलाने कुठल्या बँडसाठी चित्र काढलं, तर करार करा. एकरकमी पैसे की प्रत्येक नगामागे टक्केवारी, टक्केवारी विक्रीवर की नफ्यावर, किती वर्षांसाठी, आणि हिशेब दर किती महिन्यांनी दाखवायचा, या चार गोष्टी कागदावर हव्यात. बीटल्सचे वकीलही चुकले, तिथे आपण सावध राहिलेलं बरं.

थोडक्यात

टी-शर्टच्या किमतीत कापड थोडं आणि वाटे फार असतात.
किंमत आपल्या कमाईच्या दिवसांत मोजा. निर्णय घरून करून निघा.
आनंदासाठी खर्च साठवलेल्या पैशांतून करा, व्याजाच्या पैशांतून नको.
एमआरपी पाहा, बिल घ्या. ग्राहक तक्रारीसाठी १९१५, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.
छापायचं असेल तर आधी मागणी, आधी पैसे, मग माल.
करारातली टक्केवारी कशावर आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या वेळी मुलगी टी-शर्ट मागेल तेव्हा तिला नाही म्हणण्याआधी किंवा हो म्हणण्याआधी वरचा हिशेब तिच्यासमोर मांडा. ती आपल्यापेक्षा चांगली भागाकार करते. मग दोघी मिळून जे ठरवाल त्याचा कुणालाच पश्चात्ताप होणार नाही.

काही शंका असतील तर आता विचारा, नाहीतर शाखेत या. आवर्ती ठेवीचे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.